चालता चालता पिकअप पडतो : जुन्या एमपीएफआय गाडीतला लपाछपी खेळणारा दोष कसा पकडायचा

गाडी खंबाटकी चढताना दम टाकते, बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी पळते. गॅरेजमध्ये नेली की तक्रार गायब. मग फिटर अंदाजाने प्लग बदलतो, पुढच्या खेपेला कॉइल, त्यानंतर फ्युएल पंप, आणि सगळं करून झालं की ‘ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असेल’ म्हणतो. तोवर गाडीच्या किमतीतला बराच पैसा पार्टमध्ये गेलेला असतो आणि दोष निघतो रिलेच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) बुडाशी तापून काळ्या पडलेल्या एका पिनमध्ये.

चूक बहुतेक वेळा क्रमात होते. आधी पार्ट, मग माप. आणि माप घेतलं तरी ते गाडी नीट चालत असताना. त्या वेळी सगळं ठीकच येणार, कारण त्या वेळी सगळं ठीकच असतं. माप दोष हजर असताना घ्यायचं. खालचा सगळा क्रम तेवढ्यासाठी आहे.

हे साधारण २००० ते २०१० या काळातल्या पेट्रोल, मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांसाठी लिहिलं आहे : ऑल्टो, वॅगन आर, झेन, सँट्रो, इंडिका पेट्रोल वगैरे. डिझेल कॉमन रेलला यातलं काही लावू नका. तिथलं प्रेशर जीवघेणं असतं.

१. तयारी

डिजिटल मल्टिमीटर, पाच-सहा मीटर वायर आणि तिच्या टोकांना क्रोकोडाइल क्लिप, टी-जोडासह फ्युएल प्रेशर गेज, व्हॅक्यूम गेज, स्पार्क टेस्टर, शिवणाच्या चारदोन टाचण्या, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि एक छोटी वही. गेज विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजातून दिवसभरासाठी मिळतात. वायरिंग डायग्राम मात्र तुमच्याच मॉडेलचा आणि सालाचा हवा. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांच्या अंतराने वायरचे रंग बदललेले असतात.

स्कॅनरबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ डोंगल २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी बोलतच नाही, मग सॉकेट सोळा पिनांचं का असेना. कंपनीचा प्रोटोकॉल येणारा स्कॅनर लागतो. आणि कोड आला नाही म्हणजे दोष नाही, असंही नाही. पंपाचं प्रेशर पडलं की जुन्या ईसीयूला ते कळायला साधनच नसतं, कारण रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर सेन्सर नसतो.

सावधान : टाचणी कपलरच्या (वायरींच्या प्लास्टिक जोडाच्या) मागून, वायरच्या कडेने आत सरकवायची. वायरच्या प्लास्टिकला भोक पाडायचं नाही. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तिथेच नवा दोष तयार होतो. ईसीयूच्या वायरवर बल्बचा टेस्टरही लावायचा नाही.

२. दम इंजिनच टाकतंय ना?

पुढे जाण्याआधी चार गोष्टी.

- एक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतात, पण वेग वाढत नाही : क्लच घसरतोय. इथेच थांबा.
- थोडं चालवून उतरल्यावर एखाद्या चाकाची रिम बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागते : ब्रेक चिकटलाय.
- फक्त एसी लावल्यावरच गाडी जड होते : ८०० ते १००० सीसीच्या इंजिनात थोडं हे होणारच. एसी बंद करूनही दोष येतो का, ते बघा.
- तापमानाचा काटा वर जातोय : आधी कूलिंगचं काम करा, बाकी सगळं नंतर.

३. नोंद : फुकटचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम

दोष आला की, गाडी सुरक्षित थांबवून, पुढच्या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायची. घरी जाऊन आठवून लिहू नका. आठवण नेहमी आपल्या संशयाच्या बाजूने झुकते.

ताकद क्षणात गेली की हळूहळू ओसरली? इंजिन किती वेळ चालू होतं? टाकीत पेट्रोल किती होतं? चढ होता का? रस्त्याला खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला होता का? पाऊस होता का? आरपीएमचा काटा काय करत होता? डॅशबोर्डवर कोणते दिवे लागले? गाडी परत ठीक कशामुळे झाली : थांबल्याने, चावी बंद-चालू केल्याने, की आपोआप?

चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं. ढोबळ अर्थ असे :

हळूहळू ओसरते, चढावर जास्त, रेस कमी केली की सावरते. पेट्रोल कमी पडतंय. पंप, टाकीतली जाळी, फिल्टर किंवा पंपाला पोचणारा करंट.

टाकी पाव झाली की हमखास. इन-टँक पंप पेट्रोलनेच थंड राहतो. जुना पंप कमी पेट्रोलात तापून मंदावतो. जाळीवर कचरा बसला असेल तरी हेच होतं : थांबलं की कचरा खाली बसतो, गाडी परत पळते, पुन्हा जाळी भरते. टाकीचं झाकण उघडताना हवा ‘फुस्स’ करून आत ओढली जात असेल, तर झाकणाचा व्हेंटही बघा.

एकदम झटका, झटक्याला झटका, मग बंद. स्पार्क किंवा करंट. गरम झाल्यावरच होत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) आणि कॉइल (स्पार्कचं व्होल्टेज तयार करणारी) आघाडीवर.

खड्ड्यात किंवा वळणावर. लूज कॉन्टॅक्ट, अर्थिंग (बॉडीला आणि इंजिनला जोडलेली निगेटिव्ह वायर, पुढे नुसतं ‘अर्थ’), चावीचा स्विच.

पहिल्या पावसानंतर. प्लग लीड, डिस्ट्रिब्युटर कॅप, आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिनच्या ऊबेला आलेले उंदीर हार्नेस (वायरींचा जुडगा) कुरतडतात. बोनेटखाली लेंड्या दिसल्या तर वायरिंगपासूनच सुरुवात करा.

हे अर्थ म्हणजे निकाल नव्हेत. आधी कुठे बघायचं एवढंच त्यातून ठरतं.

४. दोष आला त्या क्षणी : पहिली दोन मिनिटं

सावधान : इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो, पुढे पेडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या. आणि दोष मुद्दाम आणून बघायचा असेल तर घाटात जाऊ नका, रुंद शोल्डरचा मोकळा रस्ता निवडा.

गाडी अजून गिअरमध्ये घरंगळतेय आणि आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडलाय, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल किंवा इग्निशनचा करंट गेलाय असं समजा. इंजिन फिरतंय, तरी ईसीयूला ते दिसत नाही. काटा इंजिनबरोबर सावकाश खाली आला, तर संशय पेट्रोलवर.

आता चावी ऑनच ठेवून डॅशबोर्ड बघा. इंजिन थांबलंय, म्हणजे बॅटरी आणि ऑइलचे दिवे लागायला हवेत.

- एकही दिवा नाही : चावीचा स्विच, मुख्य फ्यूज किंवा बॅटरीचं टर्मिनल.
- बाकीचे दिवे लागले, फक्त चेक इंजिनचा नाही : ईसीयूलाच करंट मिळत नाही. मेन रिले, त्याचा फ्यूज, ईसीयूची अर्थ. (हा दिवा रोज चावी फिरवल्यावर लागतो ना, हे आधी पाहून ठेवलेलं असावं. विकताना बल्ब काढून टाकलेल्या गाड्या कमी नाहीत.)
- सगळे दिवे ठीक : चावी बंद करून पुन्हा ऑन करा आणि मागच्या सीटजवळ कान द्या. पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू यायला हवी. नसेल तर पंपाचा रिले, फ्यूज, वायर किंवा पंप.

पंपाची घरघर आहे, तरी सेल्फ मारून गाडी घेत नाही? स्पार्क टेस्टर लावा. टेस्टर नसेल तर हे तसंच लिहून ठेवा आणि गाडी थंड होऊ द्या. थंड झाल्यावर पहिल्याच सेल्फला घेतली, हीसुद्धा नोंद आहे.

५. बॅटरी, अर्थ आणि कपलर

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून सगळे गाळतात. जुन्या गाडीत दोष सापडायची शक्यता मात्र इथेच सर्वात जास्त.

इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट. हे झालं की व्होल्टेज ड्रॉप (वायर आणि जोडांत वाया जाणारं व्होल्टेज) मोजायचा, आणि तो करंट वाहत असतानाच. ओहम मोजून काही कळत नाही. वायरच्या दहा तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतो, आणि ती एक तार पंपाचा करंट ओढू शकत नाही.

इंजिन चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लँपवर नाही, खांबावरच), दुसरं इंजिन ब्लॉकवर. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी काढून घासून परत बसवा. हेडलाइट, मागची काच तापवायचं बटण, पंखा असा सगळा लोड लावून पुन्हा मोजा. ईसीयूच्या अर्थ पिनवरही हेच करा.

मग रिले. मेन रिले आणि पंपाचा रिले काढून पिना बघा. निळसर-काळी पडलेली पिन किंवा वितळलेलं प्लास्टिक म्हणजे तिथे रेझिस्टन्स आहे. नुसता रिले बदलून भागणार नाही, सॉकेटमधली सैल पडलेली मादी पिनही बदलावी लागते. खात्रीसाठी त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, अदलाबदल करून चालवता येतो. नंबर आणि पिनांची मांडणी तंतोतंत जुळत असेल तरच.

आता असा एक पाहुणा, जो कुठल्याच कंपनीच्या डायग्रामवर सापडत नाही : बाहेरून बसवलेला सेंट्रल लॉक आणि चोरीचा अलार्म. त्यात इंजिन कट करायचा रिले असतो आणि तो इग्निशनची किंवा पंपाची वायर मधेच तोडून, नुसती पिळून, टेप गुंडाळून जोडलेला असतो. स्टिअरिंगखालचं कव्हर काढा. टेपचा चिकट गोळा दिसला तर तो सोडवून वायर मुळासारखी सोल्डर करून जोडा, वर हीट श्रिंक चढवा. पुढच्या सगळ्या चाचण्या या कामानंतरच.

तपासा : इंजिन आयडलवर ठेवून चावी हलकेच हलवा, किल्ल्यांचा जड जुडगा असेल तर तोही. मग एकेक कपलर आणि हार्नेसचा वळणावरचा भाग हलवा. इंजिन अडखळलं तर जागा सापडली. पंखा आणि बेल्टपासून हात, ओढणी, बाही लांब.

६. सीएनजी असेल तर फुकटची चाचणी

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांत किट सर्रास असतं, आणि निदानाला त्याचा मोठा उपयोग होतो. ज्या परिस्थितीत दोष येतो त्याच परिस्थितीत दोन्ही इंधनांवर गाडी चालवा.

दोन्हीवर दोष आला तर टाकी, पंप, पेट्रोल फिल्टर बहुतांशी सुटले. स्पार्क, क्रँक सेन्सर, ईसीयूचा करंट, हवा किंवा सायलेन्सर बघा. फक्त पेट्रोलवर आला तर सातवा टप्पा. फक्त सीएनजीवर आला तर रेड्युसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा), गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टर. पण प्लगही विसरू नका. सीएनजीला स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे किरकोळ झिजलेला प्लग पेट्रोलवर चालतो आणि गॅसवर मिसिंग (मधूनच स्पार्क चुकणं) करतो.

किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायर मध्येच तोडून इम्युलेटर (गॅसवर चालताना पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवणारा डबा) जोडतात. ते जोडही या यादीत धरा.

७. पेट्रोल : प्रेशर लोडवर मोजा

सावधान : रेलमध्ये इंजिन बंद असतानाही प्रेशर असतं. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. जोडाभोवती फडकं गुंडाळूनच सैल करा. डोळ्यांवर चश्मा, जवळ एक्स्टिंग्विशर, इंजिन थंड, आणि बंद गॅरेजात हे काम नाही.

गेज टी-जोडाने बसवा, फ्यूज किंवा रिले आणि बॅटरी परत जोडा, चावी ऑन करून गळती बघा आणि मगच सेल्फ मारा. या गाड्यांचं प्रेशर बहुधा २.५ ते ३.५ बारच्या दरम्यान असतं. नेमका आकडा मॅन्युअलमधला. रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल, तर आयडलवर ती काढल्यावर प्रेशर साधारण अर्धा बार वाढायला हवं. त्या नळीत पेट्रोलचा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय.

बरेच जण इथे, आयडलवर आकडा बरोबर आला म्हणून, पंपाला निर्दोष ठरवून मोकळे होतात. आयडलला पेट्रोल लागतं किती? थकलेला पंपही तेवढं देतो. म्हणून गेजची नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढा, गेज काचेच्या बाहेरून वायपरला पक्कं बांधा आणि शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा. गेज केबिनमध्ये आणायचं नाही. पेट्रोलचा थेंबही आत नको.

त्याच वेळी पंपाच्या कपलरवर टाचण्या लावून लांब वायरने मीटर पुढे आणा. बऱ्याच गाड्यांत तो कपलर मागच्या सीटखाली मिळतो. आता गाडी दोष येईपर्यंत चालवा आणि दोन्ही आकडे एकत्र वाचा :

- प्रेशर पडलं, व्होल्टेजही पडलं : पंप ठीक असू शकतो. रिले, वायर, अर्थ. बॅटरी खांबापासून पंपापर्यंत पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर ड्रॉप चालणार नाही.
- प्रेशर पडलं, व्होल्टेज पूर्ण : फिल्टर, टाकीतली जाळी, मग पंप. याच क्रमाने, कारण याच क्रमाने खर्च वाढतो.
- प्रेशर स्थिर, तरी गाडी मेली : पेट्रोलचा पुरवठा सुटला. आठव्या टप्प्यावर जा.

या तीन ओळींसाठी अर्धा दिवस गेला तरी तो वाचतो, कारण पंप विनाकारण बदलणं हीच या दोषातली सगळ्यात महागडी सवय आहे.

पेट्रोलबद्दल आणखी थोडं. या गाड्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल टाकीतला जुना थर सुटा करतं, तो जाळीवर आणि फिल्टरवर येऊन बसतो. जुने रबर पाइप फुगतात किंवा भेगाळतात. आणि त्यात पाणी मिसळून वेगळं होऊ शकतं. संशय असेल तर काचेच्या बरणीत नमुना काढून तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी धुवायला हवी. पाइप बदलताना इंजेक्शन-रेटेड पाइपच मागा. दुकानदार कार्बोरेटरचा स्वस्त पाइप देतो आणि तो तीन बारला टिकत नाही.

८. स्पार्क

प्लग काढून गॅप आणि रंग बघा. बाकीचे ठीक आणि एकच काळा किंवा ओला असेल तर त्या सिलिंडरकडे लक्ष द्या. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर स्पार्क बाहेरून पळतोय. प्लगबरोबर ती लीड किंवा कॉइलचं बूटही बदला.

रात्री, इंजिन चालू असताना, लीडवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. निळे कण उडताना दिसले की लीड संपली.

सावधान : चालू इंजिनात लीड उपटून ‘कुठला सिलिंडर मेलाय’ हे बघायची जुनी पद्धत इथे वापरू नका. शॉक तर बसतोच, कॉइल आणि इग्नायटर जाऊ शकतात, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं. त्याऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कपलर काढा.

गरम झाल्यावर गाडी मेली आणि स्पार्क नाही, तर ओलं फडकं पिळून कॉइलवर ठेवा, मग सेल्फ. नाही घेतली तर तेच क्रँक सेन्सरवर. काही जुन्या गाड्यांत हा सेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या आत असतो. ज्याला थंड केल्यावर गाडी लगेच घेते, तो आरोपी. थंड अवस्थेतलं ओहमचं माप अशा सेन्सरला निर्दोष ठरवू शकत नाही, आणि हॉल प्रकारच्या (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या) सेन्सरला तर ओहम मोजण्यात अर्थच नाही.

९. हवा आणि सेन्सर

एअर फिल्टर काढलात की त्याच्यामागचा रबरी पाइपही दाबून बघा. जुनं रबर मऊ पडलं की जास्त आरपीएमला आतल्या आत चिकटतं आणि थांबल्यावर परत गोल होतं. फिल्टरकडून बघून हे कळत नाही, एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने पाइपकडे बघायचं.

मॅप सेन्सरची (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची) नळी चिरली असेल तर ईसीयूला इंजिनवर खूप लोड आहे असं वाटतं, पेट्रोल जास्त जातं आणि काळा धूर येतो. पीयूसीच्या जुन्या-नव्या पावत्या शेजारी ठेवा : सीओ वाढला असेल तर मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त), हायड्रोकार्बन वाढले असतील तर मिसिंग.

थ्रॉटल पोझिशन सेन्सर : चावी ऑन, इंजिन बंद, सिग्नल वायरवर मीटर. पेडल अगदी सावकाश दाबा. साधारण ०.५ पासून ४.५ व्होल्टपर्यंत आकडा न अडखळता चढायला हवा. मध्येच शून्याकडे उडी मारली तर ट्रॅक झिजलाय.

१०. सायलेन्सर तुंबलाय का

व्हॅक्यूम गेज इनटेक मॅनिफोल्डला लावा. मुंबईत आयडलला १८ ते २० इंच पारा ठीक. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे जवळजवळ दोन इंच कमी येणारच. त्यावरून इंजिनला झिजलेलं ठरवू नका. आता २५०० आरपीएम धरून ठेवा. काटा स्थिर राहिला तर रस्ता मोकळा आहे. हळूहळू खाली सरकत गेला तर कॅट कॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) किंवा सायलेन्सर तुंबलाय.

तुंबलेला सायलेन्सर कायमच त्रास देईल असं नाही. कॅटचे आतले विटेसारखे तुकडे सुटले की ते कधी आडवे येतात, कधी बाजूला होतात. थंड सायलेन्सरवर रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खडखडाट आला तर हाच प्रकार. पण कॅट का फुटला, हे मिसिंग शोधून आधी मिटवा. नाहीतर नवाही जळेल.

११. दुरुस्ती झाली, हे कशावरून?

एकावेळी एकच गोष्ट बदला. तीन पार्ट एकदम बदलून दोष गेला तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि परत आला तर पुन्हा पहिल्यापासून.

मग वही उघडा आणि ज्या परिस्थितीत दोष येत होता तीच तयार करा : तसाच चढ (पण घाट सोडून, मोकळ्या रस्त्याचा), तेवढंच तापलेलं इंजिन, तेवढंच कमी पेट्रोल, दुपारचं ऊन. घराजवळ दोन चकरा मारून समाधान मानू नका. शक्य असेल तिथे काढलेला जुना रिले किंवा सेन्सर परत लावून दोष परत येतो का, तेही बघा. तो परत आला तरच खरा दोषी सापडला.

ईसीयूचा नंबर सगळ्यात शेवटी. त्याच्या पॉवर आणि अर्थच्या सगळ्या पिना दोष चालू असताना मोजून बरोबर आल्या, क्रँकचा सिग्नल पोचतोय, तरी इंजेक्टरला पल्स नाही, एवढं सिद्ध झाल्यावरच तो उघडायला द्या. आणि बदललेल्या पार्टपैकी जे चांगले निघाले त्यांच्यावर ‘चालू’ असं मार्करने लिहून डिकीत ठेवा; दोषी पार्टची वायर कापून टाका, म्हणजे पुढे कोणी तो चुकून परत बसवणार नाही.